रुमालाखालचा भाव

तीस रुपये ही काही निबंध लिहिण्याजोगी रक्कम नव्हे. आमच्या उमरखेडच्या बसस्थानकासमोर तीस रुपयांत दोन माणसांचा चहा होतो, आणि हॉटेलवाला ओळखीचा असला तर वर दोन बिस्किटेही मिळतात. परंतु गेले सहा-सात महिने हे तीस रुपये माझ्या डोक्यातून निघायला तयार नाहीत. दिवाळी अंकासाठी मजकूर मागणारे पत्र आले तेव्हा चालू कादंबरीतले एखादे प्रकरण पाठवून मोकळे व्हावे असा माझा बेत होता. पण लेखणी उचलली की नायिका बाजूला राहते आणि हळदीची पुडी डोळ्यांपुढे येते. तेव्हा एकदा ते लिहूनच टाकतो.

माझ्या मेहुण्याची पैनगंगेच्या काठाला दोन एकर हळद आहे. हळद हे पीक दिसायला सोज्वळ, पण करणाऱ्याचा जीव काढणारे. पावसाच्या तोंडावर लावायची, माघ-फाल्गुनात खणून काढायची, मग शिजवायची, उन्हात पसरून दिवसचे दिवस वाळवायची आणि घासून घासून तिला तकाकी आणायची. पाच पोती ओल्या हळदीची जेमतेम एखादे पोते सुकी हळकुंडे होतात. एवढे करून ती बाजारात नेली की भाव सांगणारा दुसराच कोणी असतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या भावाला म्हटले, "दादा, चार पोती माझ्याकडे राहू दे." मग आळीतल्या चार बायका मिळाल्या, गिरणी झाली, कागदपत्रे झाली, पुडीवर कमाल किरकोळ किंमत छापून झाली: अर्धा किलो, २०० रुपये. माझा मुलगा नांदेडला कॉलेजात शिकतो. (आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले खरे, पण ओढा सगळा नांदेडकडे.) त्याने हे दुकान फोनवर मांडून दिले.

हे दुकान म्हणजे एक नवलच आहे. त्याला फळी नाही, तराजू नाही, पुढे बाकडे नाही. पण एक गोष्ट त्यात अशी आहे की जी जुन्या कुठल्याही दुकानदाराला स्वप्नातसुद्धा मिळाली नसती. कोण आले, काय पाहिले, किती वेळ पाहिले, उचलून टोपलीत ठेवले की नाही, आणि ठेवून निघून गेले की काय, हे सारे दुकानदाराला दिसते. टोपलीला ही मंडळी 'कार्ट' म्हणतात. आमची सौ. टोपलीच म्हणते, आणि मीही तेच म्हणणार आहे.

चैत्रात नवी हळद आली. एका रविवारी मुलगा घरी आला होता. जेवण झाल्यावर फोन पाहता पाहता तो म्हणाला, "बाबा, सतरा जणांनी टोपलीत टाकून ठेवलीय आणि घेतली नाही. त्यांना सूट पाठवू का?"

मी म्हटले, "पाठव की. सगळ्यांनाच पाठव."

"सगळ्यांना कशाला? जे घेतातच आहेत त्यांना कशाला द्यायची? जे अडलेत त्यांनाच."

त्याने तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. 'खास तुमच्यासाठी! २०० रुपयांची हळद १७० रुपयांत. फक्त आज रात्री बारापर्यंत.' सौ.ने चष्मा लावून त्या वाचल्या.

"उद्या सकाळी कुणी मागितली तर देणार नाहीस का?"

"देईन ना."

"मग खोटं काहून लिहिलं?"

मुलगा हसला. म्हणाला, "आई, असंच लिहितात." निरोप गेला. झोपायच्या आत सात पुड्या खपल्या, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. आळीतल्या बायका आनंदल्या, मीही आनंदलो. मुलगा शिकून वाया जात नाही, असे त्या रात्री मनाशी म्हटलेसुद्धा.

चार-पाच दिवसांनी पुण्याहून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे माझ्या मराठी शाळेतल्या बाई. मला अक्षर त्यांनी दिले. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, पण आज मी शाळेत मुलांपुढे उभा राहतो आणि कादंबऱ्या लिहितो त्याचे मूळ त्यांच्या वर्गात आहे. निवृत्त होऊन त्या आता पुण्याला मुलाकडे असतात. आमच्या नव्या हळदीच्या पहिल्या दोन पुड्या त्यांनीच घेतल्या होत्या, दुकान उघडल्या उघडल्या, पूर्ण भावाने, एका क्षणाचाही विचार न करता. बाईंनी हळदीचा रंग वाखाणला, सौ.ची विचारपूस केली, आणि मग जरा अडखळत म्हणाल्या, "अरे, आमच्या शेजारच्या मुलीला हीच पुडी १७० ला मिळाली म्हणे. माझे काही चुकीचे दाबले गेले का रे? मला त्या फोनमधले मेलीला काही नीट कळत नाही."

आणि मी म्हणालो, "हो बाई, काहीतरी चुकले असेल. पुढच्या वेळी मला सांगत जा."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. तीस रुपयांसाठी नव्हे. पुडीमागे तीस म्हणजे दोन पुड्यांचे साठ, तेवढे मी केव्हाही परत केले असते. ज्या बाईंनी मला खोटे बोलल्याबद्दल एकदा बाकावर उभे केले होते त्यांच्याशी मी खोटे बोललो होतो, आणि तेही अगदी सहज, मागचापुढचा विचार न करता. का? खरे उत्तर तर सोपे होते: 'बाई, तुम्ही विश्वासाने लगेच घेतलीत म्हणून तुम्हाला २०० ला पडली. शेजारच्या मुलीने ठेवून दिली म्हणून तिला १७० ला.' हे वाक्य मला उच्चारता आले नाही. आजही लिहिताना ते बरे वाटत नाही.

मुलगा पुन्हा घरी आला तेव्हा मी विषय काढला. त्याने मला फार अडचणीत आणले. तो म्हणाला, "बाबा, आठवडी बाजारात तुम्ही वांग्याचे घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेता. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस न घासता घेऊन जातो. त्याला तुम्ही कधी सांगितले, की भाऊ, तुला महाग पडले म्हणून? ती आजी सांगते? मग आम्हीच काय पाप केले?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी घासाघीस करतो हे खरे आहे. त्यात मला आनंद वाटतो हेही खरे आहे. आणि शिक्षकाच्या पगारात तो आनंदच परवडतो, हा भाग निराळा! लहानपणी आई मला दिवेलागणीला बाजारात पिटाळायची, कारण उठत्या बाजाराचा भाव निराळा. सकाळी ज्यांनी कोवळी भेंडी घेतली त्यांनी जास्त मोजले. आम्ही उरलेली जून भेंडी निम्म्या भावात घेतली. पण त्यात मला कधी लाज वाटल्याचे आठवत नाही. उठता बाजार सगळ्या गावाला ठाऊक असतो. ज्याला थांबायचे त्याने थांबावे. थांबणाऱ्याला जून भेंडी खावी लागते, एवढाच दंड. वांगेवाल्या आजीशी मी घासतो तेव्हा ती माझा चेहरा वाचते तसा मीही तिचा वाचतो. ती पिशवीत टाकलेले वांगे परत काढते, मी चार पावले पुढे जातो, ती हाक मारते. शेजारचा माणूस हे सारे ऐकत असतो. त्याला वाटले तर तोही तोंड उघडू शकतो.

बाईंनी कुठे तोंड उघडावे? त्यांना बाजारच दिसला नाही.

तेव्हा मला बैलबाजारातला रुमाल आठवला. आमच्या वाचकांपैकी शहरात वाढलेल्यांनी तो पाहिला नसेल. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतात, आणि त्याखाली बोटे धरून भाव होतो. बोट धरले की एक, पंजा धरला की पाच. शेकडे की हजार ते दोघांना बैलाकडे पाहूनच कळलेले असते. याला हत्ता पद्धत म्हणतात. भोवती पन्नास माणसे असतात आणि एकालाही भाव कळत नाही. लहानपणी मामांबरोबर गेलो असताना मी एका म्हाताऱ्या दलालाला विचारले होते, की हे तोंडाने का बोलत नाहीत? तो म्हणाला, "तोंडानं बोललं का भाव फुटते, पोरा."

भाव फुटतो! म्हणजे तो एकाचा न राहता सगळ्यांचा होतो. रुमालाखाली तोच बैल एकाला निराळ्या आणि दुसऱ्याला निराळ्या भावाने सांगता येतो, आणि दोघेही आपल्याला स्वस्त पडल्याच्या आनंदात घरी जातात. शिवाय विकणाऱ्या शेतकऱ्याला कोणता आकडा सांगितला जातो हा आणखी तिसराच प्रश्न.

आमच्या वऱ्हाडाला या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. कारंजा, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड, तेथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला; देशातला हा पहिला असे मानतात. त्यामागे इंग्रजांना शेतकऱ्याची फार कणव आली होती असे नव्हे; मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. पण काट्यावर आणि भावावर कोणाची तरी नजर हवी, हे तत्त्व त्या निमित्ताने मान्य झाले. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली कृषि उत्पन्न पणनाचा कायदा आला, आणि बाजार समितीच्या आवारात भाव उघड लिलावाने ठरावा, हाताच्या गुप्त खुणांनी नव्हे, ही रीत घालून देण्यात आली. म्हणजे रुमाल ओढून काढायला या प्रदेशाला बराच काळ लागला. आणि ज्या मुलाच्या मामाची हळद उघड लिलावात बोलली जाते तो मुलगा रात्री अकरा वाजता सतरा माणसांच्या हातांवर सतरा रुमाल टाकतो, हे मला आधी सुचलेच नव्हते.

पण उघड भाव म्हणजे एकच भाव असे मात्र मला म्हणायचे नाही. सगळ्यांना एकच दाम घेणे म्हणजेच न्याय, असे सांगणारे लोक पूर्वी होऊन गेले आहेत. इंग्लंडात सतराव्या शतकात क्वेकर नावाचा एक पंथ निघाला. त्यांच्यातले दुकानदार एकदा सांगितलेला भाव बदलत नसत. जादा सांगून मागाहून कमी करणे हे त्यांच्या लेखी खोटे बोलणेच होते. लहान पोराला दुकानात पाठवले तरी मोठ्या माणसाइतकाच भाव पडेल, म्हणून लोक त्यांच्याकडे जाऊ लागले. हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतला जुना किराणावाला आठवला. 'पोराला पाठवलं तरी चालते' ही त्याच्याबद्दलची आमच्या आईची पावती होती. यापेक्षा मोठी पावती तिच्याजवळ नव्हती.

तरीही एकच दाम हे काही अखेरचे उत्तर नव्हे. आपल्या एस.टी.त २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. मी पूर्ण तिकीट काढून सौ.च्या शेजारी बसतो आणि माझ्या मनात अन्यायाची भावना येत नाही. (क्वचित येते, पण ती गाडी उभ्याने करावी लागली तर.) गावातला एखादा डॉक्टर गरिबाकडून कमी घेतो, माझ्याकडून पूर्ण घेतो. मला कळले तर त्याच्याबद्दल आदरच वाटतो. माझ्या कादंबऱ्यांचीच गोष्ट घ्या. ओळखीचे लोक प्रत फुकट नेतात आणि बहुधा वाचत नाहीत. कोकणातला कोणी अनोळखी माणूस पूर्ण किंमत देऊन विकत घेतो आणि वाचून पत्रही लिहितो. यात मला कधी काही गैर दिसले नव्हते. आता हा लेख लिहिताना थोडे दिसू लागले आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

भाव निराळा असण्याने बाईंचे मन दुखावले नव्हते. निराळा असण्याचे कारण काय, हा खरा प्रश्न. म्हातारपण, गरिबी, जास्त माल घेणे, जुने गिऱ्हाईक असणे, यांतले कोणतेही कारण मी बाईंना तोंडावर सांगू शकलो असतो, आणि त्या 'बरं बरं' म्हणाल्या असत्या. इथे कारण काय होते? शेजारची मुलगी गरीब नव्हती. मुलगाच मला सांगतो की पुष्कळ लोक आता मुद्दाम टोपलीत टाकून ठेवतात आणि दोन दिवस गप्प बसतात. सूट आपोआप चालत येते हे त्यांना ठाऊक झाले आहे. म्हणजे आम्ही सूट दिली ती गरजेला नाही, चतुराईला. आणि तीस रुपये घेतले कोणाकडून? जिला चतुराई सुचली नाही तिच्याकडून. शिवाय ते तीस रुपये माझ्या किंवा मुलाच्या खिशातून गेले नव्हते. पाच बायका गिरणीवर नाकाला पदर बांधून उभ्या राहतात त्यांच्या मजुरीतून गेले होते. हे मला सौ.ने सांगितले. माझ्या तत्त्वचिंतनात ते आलेच नव्हते.

मुलाची बाजू मी कमी लेखू इच्छित नाही. त्याचे म्हणणे, मोठ्या कंपन्या हेच करतात आणि हजारपट करतात. आपण चार पोत्यांचे दुकानदार सोवळे नेसून बसलो तर हळद पोत्यातच राहील. आणि आणखी एक म्हणाला, ते मला जास्त लागले: "मी बाईंना खोटे सांगितले का? मी तर काहीच सांगितले नाही. तुम्ही सांगितलेत."

'सांगितले नाही' आणि 'लपवले' यांत फरक आहे की नाही, हा वाद फार जुना आहे. सिसरो नावाच्या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ४४ साली माणसाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. तोही आपल्या मुलाला उद्देशून, आणि तो मुलगाही परगावी शिकत होता, हे वाचून मला बरे वाटले. त्यात त्याने एक पेच घातला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, त्याने मालात खोट ठेवली नाही, खोटे बोलला नाही. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, ज्यांच्याशी आपला व्यवहार त्यांच्या हिताची गोष्ट आपण दडवून ठेवणे योग्य नाही. सिसरोने शिष्याची बाजू घेतली. माझा मुलगा गुरूच्या बाजूचा. मी मात्र कधी इकडे, कधी तिकडे. बाजारातल्या प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेले सगळे सांगायचे ठरवले तर संध्याकाळपर्यंत एक जुडी मेथी विकली जाणार नाही, असे डायोजिनीसच्या वतीने मला वाटते. पण बाईंचा तो अडखळता प्रश्न आठवला की अँटिपेटर जिंकतो.

सरकारनेही या बाबतीत हात घातला आहे. जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-कॉमर्सचे नियम निघाले. एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करू नये असे त्यांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर झाली, आणि तिच्यात खोटी घाई लावणे हीही एक आहे. म्हणजे आमच्या 'फक्त आज रात्री बारापर्यंत'वर सौ.ने चष्मा लावून जे बोट ठेवले तेच दिल्लीने ठेवले. पण 'एकाच वर्गातले' या शब्दांशी शिक्षक म्हणून मी अडखळतो. टोपलीत ठेवून गेलेला आणि लगेच घेतलेला, हे एका वर्गातले की दोन? आणि छापलेली किंमत ही कमाल मर्यादा; तिच्याखाली कोणाला किती द्यावे हे दुकानदाराच्या मर्जीवर आहे. कायद्याची ही फट मी बाईंपुढे कशी धरणार?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण ती माझ्या धंद्याची आहे. त्या सतरा जणांच्या यादीत एक ओळ होती: नागपूरच्या कोणी बाईंनी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी एक पुडी टोपलीत ठेवली होती, पुन्हा काढली होती, पुन्हा ठेवली होती. मी ती ओळ किती तरी वेळ पाहत बसलो. तिने महिन्याचा हिशेब मांडला असेल? घरातल्या कोणाला विचारले असेल? की मूल उठून रडू लागले असेल, एवढेच? माणसाचे घुटमळणे ही फार खाजगी गोष्ट आहे. दुकानाच्या दारात जो घुटमळतो तो दुकानदाराला दिसतो हे खरे. पण आपण दिसतो आहोत हे त्यालाही ठाऊक असते, म्हणून तो पिशवी सावरतो, उगीच दुसऱ्याच वस्तूचा भाव विचारतो, आपले झाकून घेतो. या नागपूरच्या बाईंना झाकायला जागा नव्हती. आम्ही तिघे उमरखेडला दिव्याखाली बसून तिचे काढणे-ठेवणे पाहत होतो, आणि त्यावर तीस रुपयांचा गळ लावत होतो. आता म्हणाल, कादंबरीकार दुसरे काय करतो? तोही लोकांचे घुटमळणे चोरून पाहतो आणि त्याचे पुस्तक करून विकतो. हा आक्षेप मला मान्य आहे. एवढेच म्हणतो की कादंबरीतल्या बाईचे नाव-गाव मी बदलतो, आणि तिच्या घुटमळण्याचा भाव तिच्याकडूनच वसूल करत नाही.

दसऱ्याला मी बाईंना फोन केला. सोने देऊन झाले, नमस्कार झाला. मग मी सगळे सांगितले: टोपली, सतरा जण, रुमाल, आणि माझे 'काहीतरी चुकले असेल'. मला वाटले त्या रागावतील, किंवा हसून सोडून देतील. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत.

मग म्हणाल्या, "म्हणजे माझे काही चुकले नव्हते?"

"नाही बाई."

"बरे झाले सांगितलेस. अरे, तेव्हापासून मी त्या फोनवरून काही घेतलेच नाही. औषधेसुद्धा सुनेला सांगते. म्हटले, आपल्याला आता हे जमत नाही. उगाच पैसे घालवू."

सहा महिने! मी एका वाक्याने माझी अडचण टाळली आणि एका शहाण्या, स्वावलंबी बाईने सहा महिने स्वतःला अडाणी मानून घेतले. तीस रुपयांच्या हिशेबात हे कुठे मांडायचे मला कळले नाही. साठ रुपये परत पाठवण्याचा विषय मी काढला तेव्हा मात्र त्या पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "काही गरज नाही. शुद्धलेखन सुधार आधी, तुझ्या पुडीवर 'शुद्ध' चुकीचे छापले आहे." मी पुडी उलटून पाहिली. खरेच चुकीचे होते. तीन वर्षे आम्हांला, गिरणीवाल्याला, कोणालाच ते दिसले नव्हते.

सौ.ने उटण्याची एक डबी आणि दोन पुड्या पुण्याला पाठवल्या. मुलगा म्हणाला, "ही सूटच झाली की!" सौ. म्हणाली, "असू दे. ही मी आळीत चारचौघींना सांगून पाठवतेय."

दिवाळीसाठी घरात पुन्हा खल झाला. मुलाचे म्हणणे यादीतल्यांना १७० ने पाठवावी. माझे म्हणणे कोणालाच काही पाठवू नये. आळीतल्या बायकांनी बसून हिशेब केला आणि सांगितले की १८५ च्या खाली मजुरी निघत नाही. तेव्हा बलिप्रतिपदेपर्यंत सगळ्यांना १८५, असे दुकानाच्या पाटीवरच लिहिले, आणि नंतर पुन्हा २००, हेही लिहिले. नवरात्रात ज्यांनी २०० ने नेली होती त्यांचे काय, असे मुलाने विचारले. अशी एकोणीस माणसे निघाली. त्यांना पुढच्या वेळी पंधरा रुपये वजा करून देण्याचे पत्र सौ.ने पाठवले. त्यातल्या तिघांनी उत्तर दिले. एकाने लिहिले की मला हे फसवणुकीचे पत्र वाटले होते. खपाचे म्हणाल तर गेल्या दिवाळीपेक्षा अजून तरी कमीच आहे, आणि मुलगा ते मला दर रविवारी सांगतो.

काल रात्री त्याने फोन माझ्यापुढे धरला. टोपलीत बारा पुड्या होत्या. नागपूरची ती बाईही त्यांत होती. ठेवली होती, काढली नव्हती. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "ठेव तो फोन. जेवायला चल." तो उठला, पण जेवताना त्याचे लक्ष दोनदा तिकडे गेले. माझेही गेले.